युद्धकाळातील जुने मथळे वाचले की हसू येते. तेव्हाचे वाचक इतके भोळे होते का?

हसू मलाही येते, परंतु ‘भोळे’ हा शब्द मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच मी हे उत्तर लिहीत आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये मी दहा वर्षांचा होतो. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी मराठी दैनिक बेळगावहून दुपारच्या बसने येत असे आणि आजोबा ते सोप्यावर, म्हणजे घराच्या ओसरीवर, बसून मोठ्याने वाचून दाखवत असत. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले होते, आणि माझे धाकटे काका त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, पूर्व आघाडीवर होते. त्यामुळे ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध सुरू झाल्यापासून आमच्या सोप्यावर रोज पंधरा-वीस माणसे जमू लागली. शेजारच्या कन्नड भाषक गृहस्थांना आम्ही मुले मामा म्हणत असू. आजोबांचे वाक्य संपले की ते मागे बसलेल्या आपल्या माणसांना तेच कन्नडमध्ये सांगत.

एका दुपारी आजोबांनी मथळा वाचला, त्यात आपल्या जवानांनी शत्रूला पाणी पाजल्याचे म्हटले होते. मामांना भाषांतर करताना क्षणभरही थांबावे लागले नाही, कारण कन्नडमध्येही ‘नीरु कुडिसिदरु’ असेच म्हणतात. आदल्या दिवशीच्या ‘धूळ चारली’चेही त्यांनी तितक्याच सहजपणे ‘मण्णु मुक्किसिदरु’ केले होते. तेवढ्यात उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणाली, “त्यास्नी पाजलं ते बरं झालं, पण आपल्या पोरास्नी पाणी कोण पाजतंय, ते लिवलंय काय बघा की.”

सगळा सोपा हसला. मामांनी ते वाक्य कन्नडमध्ये सांगितले तेव्हा मागची माणसेही हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, मथळ्याखालचा बारीक मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत मनातल्या मनात वाचला आणि आत पाहून एवढेच म्हटले, “नाही लिहिलेलं.” युद्ध चालू असताना कोणती पलटण कोठे आहे हे छापत नाहीत, हे त्यांना नोकरीमुळे ठाऊक होते, तरीही त्यांनी ते शोधले.

माझा आतेभाऊ पुण्यात वाढला. तो त्या दिवशी तेथे नव्हता. तरीही गेली चाळीस वर्षे प्रत्येक लग्नकार्यात तो ही गोष्ट ‘आजीला वाटले की आपले सैनिक शत्रूला खरेच तांब्याने पाणी देतात’ अशी सांगतो आणि त्यावरून जुन्या काळचे खेडूत वृत्तपत्रात जे येईल ते खरे मानत, असा निष्कर्ष काढतो. हे साफ चूक आहे. पाणी पाजणे म्हणजे काय, हे आजीला माझ्यापेक्षा आणि आतेभावापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. भावकीच्या भांडणात तिने तो वाक्प्रचार अनेकदा वापरलेला मी ऐकला आहे. त्या मथळ्यात काय नाही, हे सोप्यावरच्या सगळ्या माणसांत तिला सर्वांत आधी दिसले होते.

मथळे असे का असत, याचे कारण छापखान्यात सापडते. रात्री उशिरा इंग्रजीत आलेल्या तारेचा मजकूर उपसंपादकाने मराठीत करायचा, जुळाऱ्याने मोठ्या टायपाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि पहाटेच्या आत अंक बाहेर पडायचा, अशा घाईत ‘पाणी पाजले’, ‘कंठस्नान’, ‘यमसदनी’, ‘दाणादाण’ हे पोवाड्यांच्या वळणाचे तयार शब्द हाताशी येत. ते पानावर कमी जागा घेतात आणि मोठ्याने वाचले की कानाला भरतात. आज एकट्याने मूकपणे वाचणाऱ्याला त्यांचे हसू येणे साहजिक आहे, कारण ते पंधरा माणसांसमोर वाचण्यासाठी होते.

भोळेपणाच शोधायचा असेल तर तो वाचकांकडे शोधू नये. ब्रिटनच्या ‘डेली एक्सप्रेस’ने ऑगस्ट १९३९ मध्ये यंदा युद्ध होणार नाही असा मथळा दिला आणि ३ सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरले. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पहिल्या महायुद्धातील युद्धविरामाची बातमी चार दिवस आधीच पाठवली आणि न्यूयॉर्कचे लोक रस्त्यावर येऊन नाचले. ते वेडे नव्हते, त्यांची मुले फ्रान्समध्ये होती. पाकिस्तानच्या ‘डॉन’चा १७ डिसेंबर १९७१ चा मुख्य मथळा ‘विजयापर्यंत युद्ध’ असा होता, आणि आदल्याच दिवशी पूर्वेकडील पाकिस्तानी सेनेचे प्रमुख जनरल नियाझी यांनी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही केलेली होती. सुमारे ९३,००० माणसे कैद झाली, तरी तेथील अधिकृत घोषणेत शरणागती हा शब्द नव्हता. स्थानिक सेनाधिकाऱ्यांमधील समझोत्यानंतर लढाई थांबली, एवढेच म्हटले होते. असा मथळा वाचकाने लिहिलेला नसतो.

काका पुढच्या उन्हाळ्यात सुटीवर आले. जंगी पलटण आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती; आपल्या ब्रिगेडियरांनी शरण येण्याविषयी धाडलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर पाठवले होते, आणि १० डिसेंबरच्या रात्री ती तुकडी वेढा फोडून निघण्याचा प्रयत्न करताना थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. हे सारे काकांनी सांगितल्यावर आजीने पेटीतून त्या ‘पाणी पाजल्या’च्या मथळ्याचे जपून ठेवलेले कात्रण काढून त्यांच्यासमोर ठेवले. काकांनी मथळा वाचला, ते खूप हसले आणि मग म्हणाले की पहाटे गोळीबार थांबल्यावर भाताच्या शेतात पडलेले जखमी शत्रुसैनिक पाणी मागत होते आणि आमच्या पोरांनी आपल्या बाटल्यांतले पाणी त्यांना खरोखरच पाजले. आजीने विचारले, “मग तुला?” काकांना दुपारपर्यंत पाणी मिळाले नव्हते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मथळ्यांवर आंधळा विश्वास ठेवणारी माणसे तेव्हाही होती, आमच्या गावातही होती, आणि सगळीच वृत्तपत्रे एकसारखी दोषी नव्हती. जुना मथळा समोर आला तर हसा, परंतु त्याखालचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय वाचकाची बुद्धी मोजू नका. आणि घरातल्या एखाद्या म्हातारीचा असा किस्सा सांगायचा असेल, तर त्या वेळी सोप्यावर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला आधी विचारा. ते कात्रण आता माझ्याकडे आहे. मी ते तीन लग्नांत खिशात घालून नेले, परंतु आतेभावाने ते अजून एकदाही हातात घेतलेले नाही.