सकाळी सेल्फ जड, दुपारी एका झटक्यात

प्रश्न : आमची डिझेल गाडी नऊ वर्षांची आहे. दापोलीजवळ राहतो, गाडी अंगणात उघड्यावरच असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरतं आणि चौथ्या-पाचव्या वेळी सुरू होतं. दुपारी मात्र पहिल्याच सेल्फला. गॅरेजवाल्यांच्या सांगण्यावरून नवी बॅटरी टाकली. आठ-दहा दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता सेल्फच बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. बॅटरीही अंदाजाने बदलली गेली, सेल्फही अंदाजाने बदलला जाईल. साधा मल्टिमीटर आणा आणि आधी मोजा.

थंडीत इंजिनचं तेल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही थोडा उतरतो. पण दापोलीची थंडी धडधाकट गाडी अडवण्याइतकी कडक नसते. कुठला तरी सांधा आधीच कच्चा असतो, पहाटे सेल्फला जास्त करंट लागला की तो उघडा पडतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सेल्फ मारण्याआधी मोजा. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतोय. पण आकडा अकराच्या आसपास टिकला आणि तरीही इंजिन जड फिरलं, तर बॅटरीत जोर आहे, तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही. तुमची बॅटरी नवी आहे, त्यामुळे मला याचीच दाट शंका येते.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल तर वाटेतला अवघा ०.००५ ओहमचा अडथळा एक व्होल्ट खातो. प्लसची खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्येही असंच मोजा, तिथे ०.५ च्या पुढे जाऊ नये.

किनारपट्टीत हा चोर बहुतेक वेळा अर्थिंगच्या वायरीत बसलेला असतो. इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याची वेणी नीट पाहा. खाऱ्या हवेने आणि दवाने तिचे पदर हिरवे पडतात, टोकाच्या चकतीखाली गंज धरतो. वरून वायर शाबूत दिसते, बोल्ट घट्ट असतो, म्हणून कुणी तो सोडवून बघत नाही. नवी बॅटरी बसवताना टर्मिनल हलली, घासली गेली, म्हणून तुम्हाला आठ-दहा दिवस फरक वाटला असावा.

साफ करताना चावी बंद ठेवा. दहाच्या पान्ह्याने आधी मायनस सोडवा, मग प्लस. उलट केलंत आणि प्लसवरचा पान्हा बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थरावर थोडं थोडं ओता. फेस येईल. तो थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. अर्थिंगची दोन्ही टोकं सोडवून खालचा रंग-गंज खरवडा. वेणी हिरवी पडली असेल तर साफ करत बसू नका, नवीच टाका, सेल्फच्या मानाने ती फार स्वस्त पडते. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. व्हॅसलिन बोल्ट आवळून झाल्यावर वरून लावा, सांध्याच्या आत नाही.

शेवटी गाडी चालू ठेवून बॅटरी मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासावा लागेल.

इंजिन झपाझप फिरतंय पण पेट घेत नाही, सुरू झाल्यावर मिनिटभर थरथरतं आणि पांढरा धूर सोडतं, असं असेल तर मात्र हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिनला पेट घ्यायला ऊब देणारे प्लग, बघा. प्लगवरची वायर काढून टोक आणि इंजिन यांमध्ये ओहम मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आतबाहेर दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो जळालाय. जुना प्लग जोर लावून काढू नका, मोडून हेडमध्ये अडकला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि इंजिन कोमट असताना हळूहळू फिरवा.

प्रश्न : मालवणात पेट्रोल गाडी आहे. सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी दोन-तीनदा मारल्यावरच सुरू होते. बॅटरी ठीक आहे.

उत्तर : उद्या सकाळी सेल्फ न मारता चावी ऑनवर आणा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात सुरू झाली तर रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर पाहायला सांगा. फरक पडला नाही तर स्पार्क प्लग आणि इंजिनचा टेंपरेचर सेन्सर तपासा. सेन्सर चुकून ‘इंजिन गरम आहे’ असं सांगत असेल, तर थंड इंजिनला लागतं तेवढं पेट्रोल मिळत नाही.

प्रश्न : गुहागरच्या घरी ठेवलेली गाडी गणपतीनंतर थेट शिमग्यालाच बाहेर निघते. दरवेळी बॅटरी मेलेली. काय करावं?

उत्तर : बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसचा क्लॅम्प काढून ठेवा. गावात कुणी असेल तर महिन्यातून एकदा मोजायला सांगा, १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावायचा. नुसती पाच मिनिटं गाडी सुरू करून बंद केली तर बॅटरी नीट भरत नाही, निदान अर्धा तास चालवावी लागते.