पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं?
ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पळते. पुढच्याचा लाल दिवा दिसून तुझा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. गाडी थांबणं त्यापुढचं. आणि वेग दुप्पट केलास की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे नवशिक्यांना पटतच नाही. मीटर मोजत बसू नकोस. पुढची गाडी किलोमीटरच्या दगडाशी पोचली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायला लाग, एकेकाला साधारण एक सेकंद. तीन व्हायच्या आत तू दगडाशी पोचलास तर फार चिकटलायस. पावसाळ्यात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात तांबडी माती रस्त्यावर आली असेल तर सहा मोज. गणपतीत मधल्या जागेत कोणीतरी घुसणारच. घुसू दे, परत मागे हो. आणि उतारावर न्यूट्रल अजिबात नको, दुसरा गिअर ठेव.