यादीतलं बारावं नाव

"ताई, साताऱ्यात माझं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. लॉकडाऊननंतर ते सावरलंच नाही. बँक, क्रेडिट कार्डं, पतसंस्था, किराणा मिळून सोळा लाख देणं झालंय. दूधवाल्याचे अठरा हजार आहेत. बिचारा गणपतीपासून थांबलाय, एक शब्द बोलला नाही. वकिलांनी नादारीचा अर्ज तयार केलाय, अकरा जणांची यादी जोडलीय. पण सहीला हात धजत नाही. आजोबांनी दुष्काळात रान विकून सावकाराचं फेडलं आणि मी हात वर करणार! दाजींचे दीड लाख तेवढे गेल्या महिन्यात गुपचूप देऊन टाकले. झोप उडालीय."

पत्र चार पानांचं. त्यात आजोबांना दीड पान आणि दाजींना एक ओळ. मी त्या ओळीवरच अडले.

आजोबांचं आधी उरकते. द्यायला आता काही उरलं नाही, हे कोर्टात उभं राहून सांगणारा माणूस पळपुटा नसतो. पळणारे फोन बंद करून गाव सोडतात. तुमचा अर्ज ज्या कायद्याखाली जाणार तो १९२० चा. पाचशे रुपयांच्या देण्यालाही त्यात अर्ज करता येतो. म्हणजे साध्या माणसाचंही दिवाळं निघतं, हे तेव्हापासून धरून चाललंय. आणि 'घेतलेलं फेडायचंच' म्हणणाऱ्या आपल्याच मुलखात दामदुपटीचा नियम होता: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर गेलं की सावकारानंही थांबायचं. तेव्हा अर्जाची लाज पुरे.

आता दाजी. एवढ्या चिखलात तेवढंच एक काम स्वच्छ झालं, असं तुम्हाला वाटतंय. मला नेमकं तेच खटकतं. दूधवाल्याला अकराजणांच्या पंगतीत ताटकळत बसवलंत आणि दाजींना स्वयंपाकघरातच वाढून मोकळे झालात. का, तर भाऊबिजेला बहिणीच्या दारात मान वर करून जायचंय. याला पंक्तिप्रपंच म्हणतात. कायद्यालाही तो चालत नाही. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत मुद्दाम एकालाच झुकतं माप दिलं असेल, तर कोर्टाचा रिसीव्हर, म्हणजे दिवाळं निघालेल्याची मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस, ती रक्कम दाजींकडून परत मागू शकतो. पुढे कर्जमुक्ती मागाल, तेव्हा तुमची वागणूकही तपासली जाईल.

(तीन महिने थांबून मग सही करतो, असा हिशोब मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. झोप तुमची उडालीय, कॅलेंडरची नाही.)

सोमवारी वकिलांकडे जा. सहीआधी बारावं नाव सांगा: तारीख, रक्कम, रोख दिली की ऑनलाइन, सगळं. वकील ओरडतील, ऐकून घ्या. तिथून बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरूनच दाजींना फोन लावा, बहिणीला मध्ये घालू नका. "ते पैसे खर्चू नका, परत द्यावे लागतील," एवढंच बोला.

दाजी चिडतील. दीड लाख हातात येऊन महिना झालाय त्यांच्या. दूधवाला गणपतीपासून थांबलाय आणि एक शब्द बोलला नाही, हे तुम्हीच लिहिलंय.