प्रतिस्पर्धी कसा निवडावा

आपण नुकतेच स्पर्धात्मक खेळात उतरला आहात, म्हणून एक भेद आधीच स्पष्ट करतो: स्पर्धा कोणाशीही होऊ शकते, परंतु खरी चुरस त्याच व्यक्तीशी पुन्हा पुन्हा आणि जवळपास तुल्यबळ गाठ पडल्याशिवाय निर्माण होत नाही.

टेनिसमध्ये क्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा १९७३ ते १९८८ या काळात ८० वेळा समोरासमोर आल्या. त्यांपैकी ४३ सामने नवरातिलोवाने, तर ३७ एव्हर्टने जिंकले. सुरुवातीला वर्चस्व एव्हर्टचे होते. पुढे नवरातिलोवाने शारीरिक तयारीवर कसून मेहनत घेतली आणि एव्हर्टला तिच्याविरुद्ध सलग १३ पराभव पत्करावे लागले. तरीही १९८५ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एव्हर्टने तिलाच तीन सेटमध्ये हरवले. एवढे होऊनही दोघींची मैत्री टिकली, हे मला आकड्यांपेक्षा अधिक बोलके वाटते.

या चुरशीचा एक धोका मी स्वतः अनुभवला आहे: एकाच व्यक्तीला हरवण्याच्या ईर्ष्येने पेटलेला खेळाडू आपल्या उणिवा पाहणे सोडून देतो आणि प्रसंगी दुखापतही लपवतो. म्हणून हरल्यावर लगेच दुसरा सामना मागू नका. समोरच्याने कोणत्या क्षणी काय वेगळे केले, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. तुल्यबळ कोणी सापडत नसेल, तर आपल्यापेक्षा थोडा सरस खेळाडू निवडा. फार सरस नको, कारण त्याच्याविरुद्ध आपले नेमके काय चुकले, हेच कळत नाही.