थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम अपडेट केल्यापासून मेल येतात, पण जात नाहीत. पासवर्ड तोच आहे. काय करावं?

पासवर्ड बरोबर असेलही. पण मेल येण्याचं दार वेगळं आणि जाण्याचं वेगळं. हे मला वेळेवर ठासून सांगता आलं असतं तर आमच्या तीन वर्षांच्या मेल पुसल्या गेल्या नसत्या.

2020 साली मी नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या आणि हिशेब पाहायचो. थंडरबर्ड अपडेट होऊन 78 झालं आणि पीओडीचे, म्हणजे माल पोचल्याच्या पावत्यांचे, स्कॅन जाणं बंद. पाठवा दाबलं की नुसतं ताटकळायचं, शेवटी एरर. तिकडे बुटीबोरीच्या पार्टीचा फोनवर फोन, "भाऊ, पीओडीशिवाय बिल पास नाही होत."

मालकाचा भाचा आला. त्याला कॉम्प्युटरमधलं फार कळतं असा घरात समज. "काहून टेन्शन घेता? फॉरमॅट मारतो, अर्ध्या तासात ओके." मी म्हटलं, अरे, मेल येऊन राहिल्या ना, मग विंडोजचा काय दोष? पण मालकासमोर त्याच्या भाच्याशी कोण भांडणार! मारलं फॉरमॅट. आमचं खातं पॉपचं. मेल उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची. जे होतं ते त्याच डिस्कवर. नवं थंडरबर्ड टाकलं, खातं जोडलं, मेल पाठवली, तर तोच एरर.

रात्री घरी बसून शोधलं. टीएलएस म्हणजे मेल वाटेत असताना तिला लावायचं कुलूप. 78 पासून थंडरबर्डनं त्याचे जुने प्रकार, 1.0 आणि 1.1, बंद केले होते, किमान 1.2 हवं. आमच्या होस्टिंगवाल्याचा सर्व्हर 1.0 वरच अडून बसलेला. येणारी मेल 110 नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या दारातून, बिनकुलपाची यायची, तिला टीएलएसशी घेणंदेणंच नव्हतं. जाणारी 587 वरून स्टार्टटीएलएसनं, म्हणजे आधी जोडणी आणि मग कुलूप, ती अडली. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये, म्हणजे आतल्या सेटिंगच्या यादीत, 'सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन' 3 चं 1 केलं. 3 म्हणजे किमान 1.2, 1 म्हणजे 1.0 पण चालेल. दोन मिनिटं. भाचा अजूनही लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, "अपडेटच करायला नको होतं." अरे बाप्पा, अपडेटनं एक मेल खाल्ली नाही, तू खाल्ल्या!

तुमचं बघा. खात्याच्या सेटिंगमध्ये अगदी खाली आउटगोइंग सर्व्हर वेगळा दिसेल. तिथला पोर्ट, सुरक्षा आणि ऑथेंटिकेशन तपासा. 587 असेल तर स्टार्टटीएलएस, 465 असेल तर एसएसएल/टीएलएस. यांची अदलाबदल झाली तर चालत नाही. जीमेल असेल तर ऑथेंटिकेशनला ओऑथ2 निवडा, म्हणजे लॉगिन गूगलच्याच पानावर होतं. 2022 च्या मे अखेरीपासून गूगलनं साध्या पासवर्डानं बाहेरच्या प्रोग्रामना आत घेणं बंद केलंय. अँटिव्हायरसचं मेल तपासणं दहा मिनिटं बंद करूनही पाहा, तोही मध्ये नाक खुपसतो.

हो, ते 3 चं 1 करणं तात्पुरतंच. मी ते वर्षभर तसंच ठेवलं होतं, हा माझा गाढवपणा. होस्टिंगवाल्याच्या मागे लागून सर्व्हर सुधारून घ्या, नाही ऐकलं तर होस्टिंग बदला. आणि इथं एरर शब्द न् शब्द लिहा, 'जात नाही' एवढ्यावर कोणी काय सांगणार? तोवर कोणी फॉरमॅट म्हटलं तर आधी थंडरबर्डच्या प्रोफाइलचं फोल्डर, ज्यात मेल साठतात ते, पेनड्राइव्हवर घ्या.