सगळं वाचून झाल्यावरच नोंदी लिहायच्या का मॅडम?

हा प्रश्न पीएचडीच्या पहिल्या वर्षातलं कुणी ना कुणी विचारतंच, पण हिचं जरा जास्तच झालं होतं. इतिहासाची मुलगी, विषय 1972 चा दुष्काळ, लॅपटॉपमध्ये शोधगंगा या वेबसाइटवरून उतरवलेले थीसिस आणि पीडीएफचा ढीग, रात्रीची झोप उडालेली आणि गाइडचा फोन आला की पोटात गोळा. त्यांनी अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी, म्हणजे प्रत्येक संदर्भाखाली छोटी नोंद असलेली संदर्भसूची, मागितलेली आणि हिचं म्हणणं, आधी वाचून तर होऊ दे.

मी म्हटलं, प्रश्न काय तुझा? म्हणे, बहात्तरचा दुष्काळ. अगं हा विषय झाला, प्रश्न कुठाय? बोलता बोलता निघालं की तिची आजी खडी फोडायला जायची, तिथे मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडं खाणं) खाऊन दिवस काढायची आणि कामावर बायाच बाया असायच्या असं सांगायची. मग लिहिलं, दुष्काळी कामांवर एवढ्या बाया का आल्या? झालं, पावसाच्या आकड्यांच्या, पिकांच्या नुकसानीच्या अशा निम्म्या पीडीएफ तिथल्या तिथे बाजूला.

उरलेल्यातला एकच रिपोर्ट उघडायला लावला, तोही प्रस्तावना, तक्ते आणि शेवट एवढाच. आधी लेखक, वर्ष, प्रकाशक नीट, मग दीडशेक शब्दांत हे काय म्हणतं, कशाच्या जोरावर म्हणतं आणि माझ्या प्रश्नाला काय देतं. (अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे लेखकाचा सारांश, कॉपी-पेस्ट करू नका रे, गाइडला पहिल्या ओळीत कळतं.) तिनं लिहिलं, मे 1973 मध्ये कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते हे कळतं, पण बाया का आल्या ते नाही, कारण हजेरीपट नुसता मोजतो. मला तर फार आवडलं हे.

मग दुसरी भीती, मोठ्या अभ्यासकांवर मी काय मत देणार? अगं, चुका काढायला कोण सांगतंय. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी ह्या दुष्काळावर लिहिलंय, त्यांचा रोख उपासमार कशी टळली यावर, तुझा बायांवर, मग ते तुला कुठपर्यंत सोबत करतात आणि कुठे सोडतात तेवढं लिही की.

नोंदी ओळीनं लावल्यावर तिलाच दिसलं की कामावर आणलेली पोरं कोण सांभाळायचं हे तिनं जमवलेल्यात कुणीच लिहिलेलं नाही. आता ती त्या वेळच्या बायांच्या मुलाखती घेणारे, गाइड हो म्हणालेत, फक्त एथिक्स कमिटीचा फॉर्म भरायचा राहिलाय.