लिटरमागे शंभर किलोमीटर : दावे आणि हिशेब

मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय सतत डोकावतो आहे : गाडीत अमुक बदल करून घेतला तर ॲव्हरेज दुप्पट, तिप्पट, पाचपट होते हे खरे का? त्यांपैकी काही पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. उत्तरांत थोडे आकडे आहेत, पण ते शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचे नाहीत. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतः पडताळून पाहावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने साध्या हॅचबॅक गाडीत काही बदल केले आहेत. ही गाडी हायवेवर ८० च्या वेगाने लिटरमागे १०० किलोमीटर धावते, असे तो सांगतो. बदलांसाठी तो चाळीस हजार रुपये मागतो आहे. करून घ्यावे का? (विक्रोळी)

पैसे देण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहा. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की साधारण ३२ मेगाज्युल ऊर्जा मिळते. इंजिनात काहीही बदल केले तरी हा आकडा बदलत नाही, कारण तो पेट्रोलचा गुण आहे, इंजिनाचा नव्हे.

आता खर्चाची बाजू पाहू. माणसे धरून १००० किलोची गाडी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जात असली, तरी तिला दोन गोष्टी मागे खेचत असतात. पहिली म्हणजे टायर दबून फिरण्यात जाणारी शक्ती. चांगल्या टायरांतही हा विरोध सुमारे १२० न्यूटन असतो. दुसरी म्हणजे हवा. नेहमीच्या आकाराच्या हॅचबॅकला ८० च्या वेगाला हवेचा विरोध सुमारे २०० न्यूटन होतो. दोन्ही मिळून ३२० न्यूटन. इतका विरोध मोडून गाडी १०० किलोमीटर न्यायची, तर लागणारी ऊर्जा होते ३२० गुणिले १,००,००० मीटर, म्हणजे ३२ मेगाज्युल.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. आपल्या गॅरेजवाल्याचा दावा खरा ठरायचा, तर पेट्रोलचा प्रत्येक थेंब उष्णतेच्या रूपाने काहीही वाया न घालवता थेट चाकांपर्यंत पोहोचला पाहिजे. रेडिएटर गरम होता कामा नये, सायलेन्सरमधून येणारा धूर थंड असायला हवा आणि गिअरबॉक्समध्ये घर्षण नको. प्रत्यक्षात मोटारींतली आजची अत्युत्तम पेट्रोल इंजिने त्यांच्या सर्वांत अनुकूल अवस्थेत सुमारे ४० टक्के ऊर्जा कामाला लावतात आणि शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात हे प्रमाण २०–२५ टक्क्यांवर येते. म्हणजे ८० च्या स्थिर वेगाला, एसी बंद ठेवून आणि सगळे काही मनासारखे जुळून आले, तरी या गाडीची मर्यादा ४० किलोमीटरच्या आसपासच राहते. सायनच्या सिग्नलवर तीनदा लाल दिवा लागला की त्या ४० चे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

लिटरमागे १०० किलोमीटरची मोटार जगात कधीच झाली नाही, असे मात्र नाही. फोक्सवॅगनने एक्सएल-१ नावाची गाडी काढली आणि तिच्यासाठी १०० किलोमीटरला ०.९ लिटर डिझेल हा आकडा जाहीर केला. त्यासाठी काय करावे लागले, ते पाहा : दोनच आसने, कार्बन फायबरचे शरीर, ७९५ किलो वजन, पाण्याच्या थेंबासारखा निमुळता आकार, दोन सिलिंडरचे ८०० सीसी इंजिन आणि जोडीला घरून चार्ज करून आणायची बॅटरी. हा आकडा ज्या चाचणीतून आला, तिच्यातल्या अंतराचा काही भाग गाडी विजेवर चालली होती. अशा फक्त २५० गाड्या बनवल्या गेल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला जे साधण्यासाठी पूर्ण गाडी नव्याने घडवावी लागली, ते चाळीस हजारांत जुन्या गाडीवर साधता येत नाही. चाळीस हजार रुपये आपल्याजवळच ठेवावेत.

प्रश्न : माझ्या मित्राने इंधन वाचवणारे एक यंत्र बसवले. मी स्वतः त्याच्याबरोबर होतो. पुण्यात टाकी फुल्ल केली, मुंबईत परत फुल्ल केली. पूर्वी २० देणाऱ्या गाडीने २६ चे ॲव्हरेज दिले. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे म्हणू? (गिरगाव)

आपण पाहिले ते खोटे नाही आणि आपला मित्रही खोटे बोलत नाही. मापात मात्र दोन गळती आहेत आणि दोन्ही यंत्राच्याच बाजूने झुकतात.

पहिली गळती घाटाची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. हजार किलोची गाडी पुण्याहून मुंबईला उतरली की तिला उंचीपोटी सुमारे साडेपाच मेगाज्युल ऊर्जा फुकट मिळते. इंजिन पेट्रोलची पाव भाग ऊर्जा कामी आणते असे धरले, तर ही मदत सुमारे दोन-तृतीयांश लिटर पेट्रोलची झाली. बोरघाटात ब्रेक लावावे लागतात, त्यामुळे ती सगळी पदरात पडत नाही. पण बरीचशी पडते, कारण आजची इंजेक्शनची इंजिने उतारावर पाय काढला की पेट्रोल पूर्ण बंद करतात. ती जवळजवळ सगळी मिळाली असे धरले, तर दीडशे किलोमीटरला २० च्या ॲव्हरेजने साडेसात लिटर लागायचे, ते घाटामुळे ६.८ झाले. ॲव्हरेज २२.

दुसरी गळती पंपावरची. पुढच्या वेळी नोझलकडे नीट लक्ष देऊन पाहा. टाकी भरत आली की पेट्रोलचा फेस गळ्याशी येतो आणि नोझल खट्कन आपोआप बंद होते. एखादा कर्मचारी तिथेच थांबतो, एखादा फेस बसेपर्यंत वाट पाहून रक्कम राउंड फिगर होईपर्यंत दोन-तीनदा दाबतो. गाडी किंचित तिरकी उभी असली तरी फरक पडतो. पुण्यात गळ्यापर्यंत भरली आणि मुंबईत पहिल्या खटक्याला सोडली, तर एक लिटरचा फरक सहज पडतो. आता ६.८ मधून तो एक लिटर वजा करा. राहिले ५.८. दीडशेला ५.८ ने भागले की उत्तर येते जवळजवळ २६.

यंत्राने काहीही न करता आपला आकडा मिळाला. यात कोणाचीही लबाडी नाही, म्हणूनच असे अनुभव इतक्या प्रामाणिकपणे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि मला त्याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते.

खरी चाचणी करायची असेल, तर एकच पंप, एकच नोझल, शक्यतो पहाटेची वेळ आणि दर वेळी पहिल्या खटक्याला थांबणे, एवढे पाळा. जाऊन-येऊन असे दुहेरी अंतर मोजा, म्हणजे चढ-उतार फिटतात. किमान चार टाक्या यंत्रासह आणि चार टाक्या यंत्राविना, आलटून-पालटून. शेवटची अट बहुतेक लोक पाळत नाहीत, पण तीच सर्वांत मोलाची आहे : यंत्र चालू आहे की बंद, हे गाडी चालवणाऱ्याला कळू देऊ नका, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी सोपवा. पैसे खर्च करून काही बसवले की माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवर आपसूक हलका पडतो, आणि हलक्या पायाने १० टक्के सहज वाचतात. ती बचत पायाची असते.

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवरही या कामी विसंबू नये. तो आकडा पेट्रोल मोजून येत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून गाडीतला संगणक तो काढतो. त्या संगणकाच्या संदेशांत ढवळाढवळ करणारे यंत्र बसवले, तर आकडा सुधारतो आणि टाकी पूर्वीसारखीच रिकामी होते.

प्रश्न : पाण्यापासून हायड्रोजन तयार करून इंजिनाला देणारे किट घ्यावे का? विक्रेत्याने चालू करून दाखवले, बाटलीत बुडबुडे स्पष्ट दिसत होते. (चेंबूर)

बुडबुडे खरे असतात. विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, हे दोनशे वर्षांपासून माहीत आहे. प्रश्न ती वीज कुठून येते हा आहे. ती येते अल्टरनेटरकडून, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्राकडून. अल्टरनेटर फिरवते इंजिन, आणि इंजिन चालते पेट्रोलवर.

नेहमीचे किट १२ व्होल्टवर २० अँपिअर घेते, म्हणजे २४० वॅट. त्यातून मिळणाऱ्या हायड्रोजनची ऊर्जा सुमारे १५० वॅट भरते. अल्टरनेटरमधली घट धरली, तर ते २४० वॅट मिळवायला इंजिनाला सुमारे ४०० वॅट द्यावे लागतात आणि तेवढ्यासाठी सुमारे १६०० वॅटचे पेट्रोल जळते. सोळाशे घालून दीडशे मिळवायचे, आणि ते दीडशे त्याच इंजिनात पुन्हा जाळून त्यांतले जेमतेम चाळीस कामाला येणार.

यावर विक्रेते म्हणतात की हायड्रोजनमुळे पेट्रोल 'पूर्ण' जळते. व्यवस्थित चालणाऱ्या आजच्या इंजिनात सुमारे ९८ टक्के पेट्रोल आधीच जळते. न जळणारे दोन टक्के सगळे वाचवले, तरी २० चे ॲव्हरेज साडेवीसही होत नाही. इंजिनाचा तोटा न जळलेल्या पेट्रोलमध्ये नाही, तो जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेत आहे, आणि बाटलीतला वायू ती उष्णता परत आणू शकत नाही.

काही किटांबरोबर ऑक्सिजन सेन्सरला चुकीचा संदेश देणारी एक छोटी पेटी येते. ती मात्र खरोखर काहीतरी करते : पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाऊ लागते. त्याने नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड वाढतात आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यांना आवरू शकत नाही, कारण त्याचे काम हवा-पेट्रोलच्या ठरावीक प्रमाणाभोवतीच नीट चालते. ही हवा आपणच श्वासात घेतो.

अमेरिकेत स्टॅन्ली मेयर यांनी पाण्यावर चालणारी गाडी दाखवून गुंतवणूकदार मिळवले होते. १९९६ मध्ये ओहायोतल्या न्यायालयाने ती ढळढळीत फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तामिळनाडूचे रामर पिल्लै वनस्पतीपासून पेट्रोल बनवण्याच्या प्रात्यक्षिकांमुळे देशभर गाजले. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दोघांचीही प्रात्यक्षिके लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती.

प्रश्न : पेट्रोलच्या नळीवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि स्टिअरिंगखाली लावायचा प्लग यांपैकी काय चांगले? (बोरिवली)

काहीच नाही. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलनात फरक पडेल असा परिणाम होत नाही, आणि चिमूटभर गोळी पन्नास लिटर पेट्रोलची ऊर्जा वाढवू शकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आहेत; त्यांत ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही आढळले नाही. प्लगबद्दल म्हणाल, तर एका वाचकाने पाठवलेला प्लग मी टेबलावर उघडला. आत नखाएवढी एक चिप, तीन लुकलुकणारे दिवे आणि एक बटण होते. गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी ज्या पिना लागतात, त्यांच्यापर्यंत तांब्याची एकही रेघ गेलेली नव्हती. तो प्लग वीज घेत होता आणि दिवे लावत होता. त्या वाचकाने त्यासाठी पेट्रोलच्या दहा लिटरांची किंमत मोजली होती.

प्रश्न : १९७३ मध्ये अमेरिकेत एका जुन्या ओपेल गाडीने गॅलनला ३७६ मैल दिले, असे वाचले. म्हणजे तंत्र आहे, पण तेल कंपन्यांनी ते दडपले, असे म्हणावे का? (माटुंगा)

आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ती नोंद खरी आहे. १९५९ ची ओपेल, गॅलनला ३७६.५९ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १६० किलोमीटर. दडपण्याचे म्हणाल, तर ती स्पर्धाच शेल या तेल कंपनीची होती. तिच्यातून पुढे आलेली इको-मॅरेथॉन आजही भरते आणि भारतीय महाविद्यालयांचे संघ तिच्यात उतरतात.

मात्र त्या ओपेलचे काय केले होते, ते पाहा. गाडीचा अनावश्यक भाग काढून ती हलकी केली, मागचा ॲक्सल अरुंद केला, नेहमीच्या यंत्रणेऐवजी साखळीने चाक फिरवले, टायर दगडासारखे टणक केले आणि इंजिन उष्णता धरून राहावे म्हणून गुंडाळले. वेग अगदी कमी ठेवायचा, इंजिन थोडा वेळ चालवायचे आणि बंद करून गाडी घरंगळू द्यायची. पहिल्या उत्तरातला हिशेब आठवा : वेग निम्मा केला की हवेचा विरोध एक-चतुर्थांश होतो. म्हणजे या विक्रमाने भौतिकशास्त्राचा कोणताही नियम मोडलेला नाही. त्याने गाडीकडून अपेक्षित असलेल्या बाकी सगळ्या गोष्टी सोडल्या. २००५ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या पॅक-कार-२ या प्रायोगिक गाडीने हायड्रोजनवर, पेट्रोलच्या हिशेबात, लिटरमागे ५३८५ किलोमीटर गाठले. तिच्यात एकच चालक बसतो, तोही जवळजवळ आडवा. तिला पूर्व द्रुतगती मार्गावर बेस्टच्या बसशेजारी उभे करण्याची कल्पनाही करवत नाही.

दडपल्याची कथा बहुधा कॅनडाच्या चार्ल्स पोग यांच्या कार्ब्युरेटरपासून, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागापासून येते. १९३० च्या दशकात त्यांच्या नावावर गॅलनला २०० मैलांचा दावा लागला. त्यांची पेटंट तेव्हापासून उघडी आहेत आणि त्यांची मुदत केव्हाच संपली. कोणीही ती वाचून कार्ब्युरेटर बनवू शकतो. आपल्या कार्यशाळेतही बनवता येईल. शिवाय २०१७ पासून भारतात कंपन्यांना आपल्या सगळ्या गाड्यांची सरासरी इंधन-मर्यादा पाळावी लागते. अर्धा-अर्धा किलोमीटर वाढवण्यासाठी त्या पातळ तेल आणि हलके पत्रे वापरतात. स्वस्त जादू हाती असती, तर पहिल्यांदा त्यांनीच वापरली असती.

प्रश्न : मागच्या वर्षभरात माझ्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरले. मेकॅनिक म्हणतो, संगणक 'री-मॅप' करून किट बसवू, भरून निघेल. (मुलुंड)

उतरण्याचे एक साधे कारण पेट्रोलमध्येच आहे. आता त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत जुन्या गाडीचे ॲव्हरेज सहा-सात टक्के उतरणे स्वाभाविक आहे. जी ऊर्जा टाकीत आलेलीच नाही, ती कोणतेही किट भरून देऊ शकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आर.सी. बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच पाहते.

त्याऐवजी उद्या सकाळी, गाडी थंड असताना, टायरमधली हवा तपासा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. एक जॅक आणून चारही चाके एकेक करून उचला आणि हाताने फिरवून पाहा. जुन्या गाडीत, विशेषतः मुंबईच्या पावसाळ्यानंतर, एखादे ब्रेक कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा भाग) गंजून अडकलेले असते आणि ते चाक दिवसभर ब्रेक लागलेल्या अवस्थेत फिरत राहते. असे चाक हाताला जड लागते आणि वीस मिनिटांच्या फेरीनंतर त्याची डिस्क बाकीच्यांपेक्षा कितीतरी गरम असते. हात लावू नका, थोड्या अंतरावरूनही झळ जाणवते. मेकॅनिकला किटऐवजी ते कॅलिपर सोडवून साफ करायला सांगा.